मदत हवी आहे: थर्माकोलच्या गोळ्यांवर ग्रहांचे खरे रंग

प्रश्न (सोलापूर): भाचीला विज्ञान प्रदर्शनासाठी सूर्यमाला करायची आहे. मंगळावर स्प्रेपेंट मारला तर गोळ्याला खड्डेच पडले. पोस्टर कलर लावला की वाळल्यावर पापुद्रे सुटतात. आणि नेपच्यून पुस्तकात गडद निळा दिसतो, नेटवर फिकट. नक्की कोणता धरायचा?

उत्तर १: स्प्रेतलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं. ऑइलपेंट, थिनर यांचंही तेच. आधी दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी असे दोन हात द्या, मग ॲक्रिलिक लावा. पोस्टर कलरच असेल तर चार चमचे रंगात एक चमचा फेविकॉल घाला. आणि गच्चीवर उन्हात ठेवू नका! आपल्याकडच्या उन्हात वरची साय आधी वाळते, आतला थर मागून आकसतो, की तडा गेलाच. गोळा काडीला खोचून घरातच सावलीत वाळवा.

उत्तर २: नेपच्यून फिकटच. 1989 मध्ये व्हॉयेजर 2 या अंतराळयानाने काढलेल्या फोटोंचा कॉन्ट्रास्ट ढग दिसावेत म्हणून वाढवला होता, तोच गडद निळा पुढे पुस्तकांत रुळला. 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक आयर्विन यांच्या गटाने दाखवून दिलं की युरेनस आणि नेपच्यून रंगाने जवळजवळ सारखे आहेत. दोन्हीकडे मिथेन वायू तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून ते निळसर दिसतात. युरेनसवर धुरकट थर जाड, म्हणून तो किंचित पांढुरका. दहा भाग पांढरा, एक भाग निळा, हिरव्याचा ठिपका हा झाला नेपच्यून. त्यातच थोडा पांढरा वाढवा, युरेनस तयार.

मंगळ लालभडक नको. कमी तिखटाची शेंगाचटणी डोळ्यांसमोर आणा, तसा गंजकट तपकिरी. शुक्राचा केशरी गोळाही विसरा, ती रडारच्या नकाशाला दिलेली रंगसंगती आहे. डोळ्यांना दिसतो तो ढगांचा पिवळसर पांढरा. बुध करडा. गुरूचे पट्टे ओल्यावर ओले ओढा, लाल डाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे! शनीची कडी किती मोठी कापू? गोळा 8 सेंमीचा आहे.

उत्तर २: कार्डशीटची चकती 18 सेंमी व्यासाची, मधलं भोक 10 सेंमीचं. म्हणजे भोवती 1 सेंमी फट राहील, तिथे चार टूथपिक आडव्या खोचून कडी टेकवा. 16 सेंमी व्यासावर काळी रेघ मारा, ती कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली काळी दिसणारी मोकळी जागा. गोळ्याला फिकट सोनेरी द्या, चमकीचा सोनेरी नको.