मदत हवी आहे: दुसऱ्या ओपन हार्टची जोखीम कशी समजून घ्यावी?

बाबा 71 वर्षांचे, बायपास 2011 मध्ये झाली. आता एऑर्टिक व्हॉल्व्ह फार अरुंद झालाय. इन्सुलिन चालू, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) 1.6, हृदयाचं पंपिंग 45 टक्के. सर्जननी युरोस्कोर 2 (हार्ट ऑपरेशनमध्ये मृत्यूची जोखीम किती टक्के, याचा अंदाज) काढला. मीही कॅल्क्युलेटरमध्ये भरून पाहिला, आकडा तोच आला. पण त्यात आधीच्या ऑपरेशनबद्दल फक्त 'हो की नाही' एवढंच आहे. बाबांचा छातीतल्या धमनीचा ग्राफ्ट (बायपासमध्ये हृदयाला जोडलेली रक्तवाहिनी) अजून चालू आहे आणि सीटीत तो हाडाला अगदी खेटून दिसतोय. छाती पुन्हा उघडताना त्यालाच इजा झाली तर? ही भीती त्या आकड्यात कुठेच नाही. पायाच्या रक्तवाहिन्या खराब, म्हणून टावी (छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीने नवा व्हॉल्व्ह बसवणं) अवघड म्हणतात. मंगळवारी सेकंड ओपिनियन आहे. रिडो (पुन्हा छाती उघडून ऑपरेशन) केसेस जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा, असा ग्राफ्ट असताना जोखीम कशी ठरवतात आणि सर्जनना नेमकं काय विचारू?