मका जाऊ शकतो, माणूस नाही: अकरावीला कसं शिकवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. मानवी हक्क, व्यापार करार आणि स्थलांतर एकत्र घ्यायचं म्हणून नाफ्टा (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार) निवडला. १ जानेवारी १९९४ ला करार लागू झाला; अमेरिकेतला अनुदानावर पिकलेला स्वस्त मका मेक्सिकोत येत गेला, तिथल्या छोट्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेने सॅन दिएगोजवळच्या सीमेवर ‘ऑपरेशन गेटकीपर’ (मेक्सिकोतून बेकायदा येणाऱ्यांना अडवायची मोहीम) सुरू केलं.

काल फळ्यावर दोन बाण काढले. मक्याचा आरपार, माणसाचा मध्येच अडलेला. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मग मानवी हक्काचं काय?” संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातलं कलम १३ वाचलं: स्वतःचा देश सोडायचा आणि परत यायचा हक्क आहे. दुसऱ्या देशात शिरायचा? तो नाही. वर्ग गप्प, मीही.

आता भूमिका वाटून चर्चा घ्यायचीय: मेक्सिकोतल्या चियापासचा शेतकरी, अमेरिकेतल्या आयोवाचा मका उत्पादक, कॅलिफोर्नियातला मळेवाला (त्याला मजूर तर हवेतच!), सीमेवरचा शिपाई. पण सगळं खापर करारावर फुटायला नको; डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचं चलन पेसोही कोसळलं होतं. हा मुद्दा चर्चेत कुठे बसवू? अशी चर्चा कुणी घेतलीय का? ४० मिनिटांच्या दोन तासिका आहेत, मुलं ६०.