मिनी ट्रॅक्टरनं पडीक रान फोडायचं तर आधी एकच फण लावा, रोटर शेवटी

पन्हाळा_डोंगरपट्टी

कासारी नदीच्या वरच्या अंगाला आमचं अडीच एकर रान आहे. आजा थकल्यापासून चौदा वर्षं त्यात औत गेलं नव्हतं. डोक्याबरोबर घाणेरी, बांधाला करवंदीच्या जाळ्या आणि या सगळ्याखाली हरळी न् कुंदा या तणांचं जाळं. गेल्या दिवाळीपासून मी ते माझ्या २४ एचपीच्या फोर व्हील मिनी ट्रॅक्टरनं फोडतोय. दीड एकर झालंय. तरी भावकीतले आणि दोस्तमंडळी एकच सांगतात, "मिनीनं पडीक फुटत नसतं, जेसीबी आण." माझं म्हणणं उलट आहे. मिनीनं रान फुटतं. आपण मिनीला मोठ्या ट्रॅक्टरचं औजार लावतो, तिथं गाडी अडते.

सुरुवातीला मीही चुकलो. चार फुटी रोटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं औजार) भाड्यानं आणला, घाणेरी वरवर तोडली आणि थेट घातला. पाऊण तासात फांद्या रोटरला अशा गुंडाळल्या की विळ्यानं कापत बसायची वेळ आली. दोन पाती दगडाला लागून गेली. खरं नुकसान महिन्यानं दिसलं. रोटर फिरला तेवढ्याच पट्ट्यात कुंदा दुपटीनं वर आला. काशीचा (कुंद्याच्या जमिनीखालच्या खोडाचा) डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो, आणि मी तर काशांची कुट्टी करून ती रानभर पेरली होती.

मग वही घेऊन बसलो. घट्ट रानात नांगराला चौरस सेंटिमीटरमागं साधारण अर्धा ते पाऊण किलो ओढ लागते. एक फाळ ३० सेंटिमीटर रुंद आणि २० खोल धरला तर ३०० ते ४५० किलो झाली. ४५० किलो ताशी ३.६ किलोमीटरनं ओढायला एचपी लागतात फक्त ६. म्हणजे इंजिनात ताकद शिल्लक आहे. पण माझा ट्रॅक्टर साडेआठशे किलोचा. चारी चाकं चालली तरी रानात तो आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढतो, सव्वाचारशे किलो. त्यापुढं इंजिन दमत नाही, चाकं जागेवर फिरतात. दोन फाळी नांगर किंवा नऊ फणी कल्टिव्हेटर लावला की हेच होतं आणि लोक म्हणतात मिनीत दम नाही.

म्हणून एकफणी रिपर, म्हणजे रान खोल चिरणारा एकच फण, करून घेतला. घाणेरी कोयत्यानं गुडघ्याएवढी ठेवून तोडली आणि बुडखे टिकावानं मुळाच्या गड्ड्यासकट काढले, कारण गड्डा राहिला की ती परत फुटते. पहिल्यांदा रिपर ६ इंच. आठ दिवसांनी आडवा, १० इंच. मग पाच फणी कल्टिव्हेटरनं काशा वर ओढल्या, घरच्या सगळ्यांनी वेचल्या, उरलेल्या उन्हात वाळल्या. रोटर सगळ्यात शेवटी, एकदाच. मागच्या टायरांत पाणी भरलंय, पुढं वजनं लावलीत. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

शिरोळ_काळीवाला

दादा, हिशोब बरोबर आहे पण निष्कर्ष चुकला. सव्वाचारशेच ओढतो हे तुम्हीच सिद्ध केलंत, मग त्याच्याकडून हे काम करून घ्यायचंच कशाला? दिवाळीपासून दीड एकर म्हणजे अख्खा हंगाम गेला की. क्लच आणि टायर झिजले ते वेगळंच.

आणि १० इंचांवर रान फुटलं असं मी मानत नाही. आमच्याकडं कारखान्याच्या ट्रॉल्यांनी आणि पाटपाण्यानं काळी दीड फुटावर दगडासारखी बसलीय. तिथं माझा ५० एचपीचा ट्रॅक्टर सब-सॉयलरला (खालचा थर फोडणाऱ्या खोल फणाला) कण्हतो. फण दुप्पट खोल घातला म्हणून ओढ दुप्पट होते असं नाही, दुपटीच्या बरीच पुढं जाते. पुढं ऊस करायचा असेल तर तुमची मुळी १० इंचांवर अडणार. भाड्यानं मोठा ट्रॅक्टर लावा, दोन दिवसांत विषय संपतो. मिनी नंतर आंतरमशागतीला, सरीतनं चालवायला वापरा. त्याचं काम ते आहे.

पन्हाळा_डोंगरपट्टी

दादा, तुमच्या काळीत मी मिनी घालणारच नाही, ते आधीच कबूल. पण आमच्याकडं दीड फुटावर जांभा दगड लागतो. १८ इंच सब-सॉयलर घातला तर मुरूम न् दगड वर येणार. आणि मला ऊस करायचा नाही, नाचणी आणि भुईमूग करायचाय. शिवाय आमच्या रानाला जायला गाडीवाट आहे साडेपाच फुटांची, दोन्हीकडं दगडी ताल. ५० एचपीचा ट्रॅक्टर मागं औजार लावून तिथनं जाईल का हे येऊन बघा.

कागलचा_रोटरवाला

मला तुमच्याच हिशोबातनं उलटं दिसतं. गाडी हलकी, चाकं फिरतात, ओढ पुरत नाही. मग ओढीचं औजार लावायचंच का? रोटर पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या ताकदीनं फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, फिरतो, ओढ मागत नाही, उलट गाडीला पुढं ढकलतो. हलक्या ट्रॅक्टरला याच्याएवढं जुळणारं औजार दुसरं नाही.

तुमचा रोटर फसला कारण तो चार फुटी होता आणि बहुतेक एल आकाराची पाती होती. कडक रानाला सी आकाराची पाती लावतात. २४ एचपीला पडीक रानात तीन फुटीच घ्या, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवा, गाडी लो गिअरात आणि पहिल्यांदा फक्त ३ इंच. मी असंच २० गुंठे गायरानालगतचं रान काढलंय. एक पातं मोडलं नाही.

पन्हाळा_डोंगरपट्टी

भावा, ओढीचा मुद्दा बरोबर पकडलास, तो मी लिहायला हवा होता. तीन फुटी न् सी पाती हेही मान्य. पण कुंद्याचं काय? तुझ्या रानात कुंदा होता का? काशा खोल, आणि तू ३ इंचांवर त्यांचे तुकडे केलेस. नुसतं गवत असेल तर तुझी पद्धत चालेल. कुंदा-हरळीच्या रानात तो रोटर मी परत पहिला घालणार नाही, कुणी फुकट दिला तरी.

कागलचा_रोटरवाला

कुंदा नव्हता. लव्हाळा (गाठींतनं परत फुटणारं तण) होता, आणि तो अजून आहे. हे खरं.

उद्यमनगर_वेल्डिंग

औजारं बनवण्यातच आयुष्य गेलंय म्हणून दोन गोष्टी सांगतो. लोक एचपी विचारतात, पिन विचारत नाहीत. मिनीची मागची औजार-जोडणी कॅटेगरी एकची (लहान मापाची) असते, खालच्या लिंकची (जोडदांड्याची) पिन २२ मिलिमीटर, टॉप लिंकची १९. मोठ्या औजाराची कॅटेगरी दोनची, २८ आणि २५. मग गिऱ्हाईक येतं, "बूश घालून बसवून द्या." बसवता येतं. पण त्या औजाराचं वजन आणि धक्का मिनीच्या लिफ्टला झेपत नाही. बऱ्याच मिनींची उचल साडेसातशे किलोच्या आसपास असते, आणि तीही लिंकच्या टोकाशी. औजाराचं वजन मागं लांब गेलं की पुढची चाकं हलकी होतात. वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या ॲक्सलवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही.

दुसरं, रिपरला शिअर बोल्ट ठेवा आणि तो मोडला की जास्त कडक बोल्ट घालू नका. हे मी हात जोडून सांगतो. वीस रुपयांचा बोल्ट मोडायलाच असतो. त्या जागी हाय टेन्साइल घालून आलेल्या गाड्यांचे वाकलेले लिंक-आर्म माझ्या शेडमध्ये पडलेत. आणि फणाचं टोक रुंद करा, पंखाचं. पातळ फण ठरावीक खोलीच्या खाली माती उचलतच नाही, नुसती बाजूला दाबून खाच पाडतो. वरनं रेघ दिसते, खाली रान तसंच.

राधानगरी_मामा

बुडखे टिकावानं काढले असं लिहिलंय ते बरं केलंत. ट्रॅक्टरला साखळी बांधून खोड ओढायचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं साखळी टॉप लिंकच्या जागी अडकवली. खोड हललं नाही, गाडीचं तोंड वर आलं आणि पाठीवर उलटली. तो वाचला पण पाय गेला. साखळी कायम खालच्या ड्रॉबारला, ॲक्सलच्या खाली. त्याच्या वर कुठंही नाही, कितीही घाई असू दे. आणि उतारावर तर ओढूच नका, पोरांनो.

जेसीबी_सात_वर्षं

मी मशीन चालवतो, जेसीबीनं वरची चांगली माती जाते म्हणून सगळे आम्हाला शिव्या देतात, म्हणून लिहितोय. वरची माती जाते ती मशीनमुळं नाही, काम सांगणाऱ्यामुळं. मालक म्हणतो, "सगळं साफ करून दे, तास वाचव." मग ऑपरेटर पुढच्या बकेटनं खरवडतो आणि वीतभर काळजातली माती घाणेरीबरोबर बांधाला ढिगात जाते. मागच्या बकेटनं एकेक खोड मुळासकट उपटून, माती झटकून ठेवायला सांगा. तास वाढतील, माती राहील. चौदा वर्षांच्या पडिकात टिकावानं बुडखे काढायला लावून घरच्यांचे हाल कशाला करता?

शिरोळ_काळीवाला

हेच म्हणतोय मी.

आजरा_काजूवाली

सगळे कशानं फोडायचं यावर भांडताय. एवढं सगळं फोडायचं का, हे कुणी विचारलं नाही. पन्हाळ्याच्या पश्चिमेचा उतार न् तिथला पाऊस माहीत असून अडीच एकर सलग उघडं करायचं? गगनबावड्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तुमच्याकडं त्यापेक्षा कमी असला तरी जूनचे पहिले चार दांडगे पाऊस भुसभुशीत तांबडी माती खाली कासारीत नेऊन घालतील. आम्ही तीन एकरांत काजू लावली. रान फोडलंच नाही. घाणेरी काढली, समपातळीत खड्डे घेतले, मधलं गवत कापून तिथंच टाकलं. करवंदी बांधाला ठेवली. तिच्या मुळांनी ताल धरून ठेवलाय आणि मे महिन्यात करवंदांचे चार पैसे मला होतात, माझ्या सासूबाईंना होत होते.

झाडांचंही बघा. हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस स्वतःच्या मालकीच्या रानात असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. जेसीबीवाला दादा विचारणार नाही, नंतर नोटीस तुमच्या नावानं येईल.

पन्हाळा_डोंगरपट्टी

ताई, झाडं एकही तोडलेलं नाही, दोन हिरडे आणि एक जांभूळ आहे, त्यांच्या बुंध्यापासून दोन कासरे लांबनं रिपर वळवला. पण उताराचं तुमचं म्हणणं लागलं. वरचे २० गुंठे तीव्र उताराचे आहेत आणि तेही फोडायचा विचार होता, पोट भरायला रान लागतं म्हणून. ते आता फोडत नाही. तिथं खड्डेच घेतो. रोपं कुठली घेतली ते कळवाल का?

खालच्या रानात मात्र मी आडवाच नांगरतो, उताराला कधीच सरळ नाही. जोरजबरदस्तीनं सांगत नाही, पण मिनीचा हा मोठा गुण आहे. छोट्या तालीवर वळतो, बांध न फोडता.

मामा, तुमचं वाचून पोराला बोलावून दाखवलं. साखळी शेडमधनं काढून ठेवली.

भुदरगड_एसटी

तारखा कुणीच बोललं नाही. पडीक दिवाळीच्या आसपास फोडायला घ्या, आत ओल असते, बुडखे निघतात. खोल रिपर मात्र ओल कमी झाल्यावर, माती तडकते. ओल्यात घातला तर फण लोण्यात सुरी फिरल्यासारखा जातो आणि बाजूची माती लिंपून बसते. आणि आमचं जांभ्याचं रान एप्रिलमध्ये वीट होतं, तेव्हा मिनी घालू नका. वळवाची वाट बघा.

पन्हाळा_डोंगरपट्टी

वळवाचं शंभर टक्के. मार्चमध्ये मी थांबलो ते त्यामुळंच, आणि शिरोळच्या दादांनी हंगाम गेला म्हटलं त्यातले दोन महिने हे आहेत.

चाकं किती फिरतात ते मोजलं तेही सांगतो. टायरवर खडूनं खूण केली. औजार वर उचलून दहा फेऱ्यांत गाडी २८ मीटर गेली, रिपर १० इंच घालून २४. म्हणजे १४ टक्के घसर. १५ च्या आत आहे तोवर चालवतो, वर गेली की फण दोन इंच उचलतो. जेसीबीवाल्या भावाचं ऐकून खालच्या कोपऱ्यातली पाच जुनी खोडं मागच्या बकेटनं काढून घेणार, तेवढीच. त्यालाही ती गाडीवाट पुरत नाही, पण त्या कोपऱ्याला ओढ्याकडनं उन्हाळ्यात मशीन येतं.

शिरोळ_काळीवाला

मला अजून १० इंच पटत नाही. पावसाळा झाल्यावर तुमच्या भुईमुगात एक खड्डा घेऊ, दोन फूट खोल. मुळी खाली गेली असेल तर मी मानेन. सब-सॉयलर लागतोय असं दिसलं तर तो माझा, भाडं नको, फक्त ती साडेपाच फुटाची वाट आधी मला मोजू द्या.

पन्हाळा_डोंगरपट्टी

या दादा. पहार मी आणतो.