तपासणीच्या दिवशीच गाडीला नखरे का सुचतात?

परवा मोटरसायकलची तपासणी होती. आदल्या दिवशी दोन तास खपून गाडी धुतली, पुसली, टाकीत स्वतःचं तोंड दिसेपर्यंत घासली. रांगेत छाती काढून उभा होतो. नंबर आला. तपासनीस म्हणाले, "हॉर्न वाजवा." वाजवला, तर घसा बसलेल्या कावळ्यासारखा आवाज! धुताना पाण्याचा फवारा थेट हॉर्नच्या तोंडात गेला होता. आतली पत्र्याची चकती ओली झाली की ती धड थरथरत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. घरी आणून अर्धा तास उन्हात ठेवली तर तोच हॉर्न ठणठणीत. पण तारीख गेली ती गेलीच.

तर मंडळी, गाडी चकाचक ठेवताना आणि ती तपासणीतून पास करून आणताना झालेल्या फजिती इथे येऊ द्या. त्यातून काही शिकलात तर तेही सांगा, नसेल तर नुसती रडकथाही चालेल.

*

तुमचं हॉर्नवर निभावलं. माझी गाडी पहिला गिअर टाकला की बंद पडायची. न्यूट्रलमध्ये मस्त चालू, गिअर टाकला की फुस्स. मागे रांग, रांगेतल्यांचे सल्ले. "चोक ओढा." "प्लग काढा." शेवटी मागचा एक मुलगा खाली वाकला आणि साइड स्टँड दहा वेळा वरखाली केला. झालं, चालू! स्टँडच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढा स्विच असतो. स्टँड खाली राहिलाय असं त्याला वाटलं की गिअरमध्ये तो इंजिन बंद करतो. सकाळी मीच पाणी मारून वरचा सगळा चिखल त्याच्यात बसवला होता.

*

मी गाडी धुतली नव्हती, तरी नापास झाले. मागचा ब्रेक दाबला की लाल दिवा लागतो, पुढचा दाबला की नाही. दोघांचे स्विच वेगवेगळे असतात हे मला माहीतच नव्हतं. आणि मी वापरते जास्त करून पुढचाच! म्हणजे किती दिवस माझ्या मागून येणाऱ्यांना मी थांबतेय याचा पत्ता नव्हता, देव जाणे. त्या दिवशी नापास झाल्याचं वाईट वाटलं नाही, अंगावर काटा मात्र आला. आता रात्री गाडी लावताना मागचं चाक भिंतीकडे करते आणि एकेक ब्रेक दाबून बघते. भिंत दोन्ही वेळा लाल झाली की मगच किल्ली काढते.

*

नंबरप्लेटवरचा बल्ब. बास, माझी कथा एवढीच. आरशात दिसत नाही, घरचं कोणी सांगत नाही, तपासनीस मात्र पहिलं तेच बघतात.

*

टायर काळे कुळकुळीत दिसावेत म्हणून मी पॉलिश लावून गेलो होतो. तपासनीस काकांनी टायरकडे कौतुकाने पाहिलं, मग गुडघ्यावर बसून खाचेत नख घातलं. खाचांच्या तळाशी मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचा. माझा आला होता. शिवाय बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले, २३१८, म्हणजे २०१८ सालातला २३वा आठवडा. वर बोलणी वेगळी खाल्ली: पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर आलंय, पहिल्याच वळणावर आडवे व्हाल.

*

माझा किस्सा चासी नंबरचा. तो हँडलच्या मानेवर कोरलेला असतो, आणि माझ्या गाडीत तिथेच ग्रीस नि धुळीचा इतका जाड थर की नंबर आहे यावर तपासनिसांचा विश्वास बसेना. खिशातल्या रुमालाने घासला. (रुमाल गेला.) दिसला एकदाचा. तर म्हणे, "कागदावर ओ आहे, गाडीवर शून्य." झालं! दुसऱ्याची गाडी घेऊन आलाय की काय अशी नजर. मी रडकुंडीला आलो होतो. तेवढ्यात आतून एक वयस्कर साहेब आले, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "अहो, सतरा अक्षरी नंबरात इंग्रजी ओ येतच नाही. आय नाही, ओ नाही, क्यू पण नाही. एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून ती तीन अक्षरं वगळलेली असतात. टाइप करणाऱ्याची चूक आहे." पाच मिनिटांत सुटलो. कागद दुरुस्त करून घ्यायला मात्र तीन खेपा पडल्या, ती कथा पुन्हा कधीतरी.

*

धुरात नापास झालेलं कोणीच कसं नाही इथे? रांग मोठी म्हणून मी इंजिन बंद करून पाऊण तास उभा. नंबर आल्यावर चालू केली, लगेच सायलेन्सरमध्ये नळी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या वर. मेकॅनिक नुसता हसला. "काही करू नका, पंधरा मिनिटं फिरवून आणा." थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय कामाला लागत नाही. फिरवून आणली, पास झाली. एक पाना लावला नाही.

*

विषय चेनवर आला नाही म्हणून लिहितोय. नवीन गाडी, उत्साह दांडगा. चेन पेट्रोलने धुतली, टूथब्रशने कडीन् कडी घासली, चांदीसारखी चमकली. काही महिन्यांत कडकड आवाज, कड्या जागोजागी आखडलेल्या. मेकॅनिकने एक कडी वाकवून दाखवली. दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीकशी रबरी रिंग असते, तिने आतलं ग्रीस धरून ठेवलेलं असतं. पेट्रोलने रबर फुगून चिरलं, ग्रीस गेलं, चेन आतून कोरडी. बाहेरची चमक होती तशीच! आता रॉकेल किंवा चेनसाठीच मिळणारा क्लीनर, फडक्याने कोरडी, मग आतल्या बाजूने तेल. रात्री लावतो, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं आणि पँटवर ठिपके उडत नाहीत.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नका. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरतं ठेवून चेन पुसणारे बघितलेत मी. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं गेलं की मागोमाग बोट जातं. डबल स्टँड, इंजिन बंद, चाक हाताने फिरवा. दहा मिनिटं जास्त लागतील.

*

मॅट रंगाची गाडी असणाऱ्यांनी वॅक्स पॉलिशचा डबा घरात ठेवू नये. माझ्या टाकीवर तळहाताएवढा एक चकचकीत डाग आहे. सगळे विचारतात, इथे काय झालं? प्रेम झालं, म्हणतो.

*

वरचे सगळे धुण्याला नावं ठेवताहेत, पण मला धुण्यानेच वाचवलं. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर चिकटून वाळलेले किडे ओल्या फडक्याने भिजवत होते. (कोरडे खरवडू नका, दहा मिनिटं ओलं फडकं गुंडाळून ठेवलं की आपसूक सुटतात.) ते निघाल्यावर खाली तेलाचा गोल ओघळ दिसला. आतलं तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं. मेकॅनिकदादा म्हणाले, दांड्यावर सुकलेला कचरा वरखाली होताना सीलची कड कापत राहतो. तेल ब्रेकच्या डिस्कपासून जेमतेम चार बोटांवर आलं होतं. तपासणी दोन आठवड्यांवर होती, सील बदलून गेले आणि पास झाले. चिखलात तशीच राहिली असती तर तपासणीच्याही आधी एखाद्या सिग्नललाच कळलं असतं.

*

धागाकर्ता परत. आज दुसरी तारीख होती. तुमचं सगळं वाचून गेलो. दोन्ही ब्रेकचे दिवे भिंतीवर पाहिले, इंजिन गरम ठेवलं, चासी नंबर पुसला, आणि हॉर्नच्या धसक्याने बाकीच्या गाडीला पाण्याचा थेंब लावला नाही. वाटेत काल रात्रीच्या पावसाचा चिखल होता.

तपासनिसांनी हॉर्न वाजवून घेतला. "छान आहे." मग मागे गेले, बराच वेळ तिथेच. "साहेब, पलीकडे नळ आहे. नंबरप्लेट धुऊन आणा, शेवटचा आकडा तीन आहे की आठ कळत नाहीये."