मदत हवी आहे : खरोखर काम करणाऱ्या संस्थांची आणि माणसांची पेजेस सुचवा (अर्जंट)

पागनीसपागा
मंडळी, रविवारच्या आत उत्तर हवंय. सोशल मीडियावर फॉलो करावीत अशी खरोखर काम करणारी माणसं आणि संस्था सुचवा, आठ-दहा पुरेत. फुटपाथवरच्या म्हाताऱ्याला घोंगडी पांघरायची आणि मागे रडकं संगीत लावायचं, असले नकोत. बघून बघून वीट आलाय. गूगलवरच्या याद्यांत नुसते सिनेमावाले. पैसे द्यायचे नाहीत, फक्त फॉलो करायचंय. धन्यवाद.

कोथरूडकर
कशावर? फेसबुक, इन्स्टा, एक्स? इंग्रजी चालेल का? देशातले की बाहेरचे? पूर-भूकंपवाले की दवाखानेवाले? तुम्हाला घाई आहे एवढंच कळलं.

बापू_बडोदेकर
मी सांगतो, लिहून घ्या. रेडक्रॉस, खालसा एड, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स म्हणजे एमएसएफ, आणि सगळ्यांच्या वर वर्ल्ड सेंट्रल किचन. होसे आंद्रेस नावाच्या शेफने २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर सुरू केलं. तिथलेच स्वयंपाकी धरायचे, तिथल्या लोकांच्या जिभेला रुचेल तेच रांधायचं, ही त्यांची पद्धत मला फार आवडते. १ एप्रिल २०२४ ला गाझात इस्रायलच्या हल्ल्यात त्यांची सात माणसं गेली. काही आठवडे काम थांबवलं आणि पुन्हा चुली पेटवल्या. यांना फॉलो करा, बाकी सगळं विसरा.

रेघोट्या
रेडक्रॉसला फॉलो करून काय मिळतं? "सर्व पक्षांनी नियम पाळावेत." कोणी मोडले ते सांगायचंच नाही.

बापू_बडोदेकर
अहो, नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी तुरुंगाचं दार बंद. ते युद्धकैद्यांना भेटतात, त्यांच्या चिठ्ठ्या घरी पोचवतात. दोन्ही बाजूंच्या. तोंड बंद ठेवतात म्हणून आत जाता येतं.

रेघोट्या
नायजेरियातल्या युद्धात बियाफ्राला दुष्काळ पडला तेव्हा हेच तोंड बंद ठेवणं काही फ्रेंच डॉक्टरांना सहन झालं नाही. १९७१ मध्ये त्यांनी पत्रकारांना बरोबर घेऊन एमएसएफ काढली ती त्यातूनच. उपचारही करू आणि पाहिलं ते बोलूही. १९९९ ला नोबेल मिळालं.

बापू_बडोदेकर
रेडक्रॉसला तीनदा मिळालंय. १९१७, १९४४, १९६३.

रेघोट्या
बरं, मग पदकांचा तक्ता करा आणि भिंतीवर लावा.

लेखापाल४४
देणगीबद्दल महत्त्वाचं. प्राप्तिकरातली ८०जी ची सवलत फक्त जुन्या कररचनेत मिळते. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर वजावट नाही. संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, मागून घ्या, नुसत्या पावतीवर भागत नाही. परदेशी संस्थेच्या खात्यात थेट पाठवलेत तर ८०जी विसरा.

पागनीसपागा
लेखापाल साहेब, पैसे द्यायचेच नाहीत, वर लिहिलंय. फेसबुक. भाषा मराठी किंवा हिंदी. इंग्रजी नको. आता सांगा.

लेखापाल४४
आज द्यायचे नाहीत, उद्या वाटेल. माहिती असलेली बरी.

सराफा_रात्री_बारा
भिया, पागनीसपागा म्हणजे आपल्या इंदूरचाच मोहल्ला! इंदूरचे असून बडोद्याला काय विचारता! इथे सनावदियाला जनक पलटा दीदी आहेत. २०१५ च्या पद्मश्री. सोलर कुकरवर स्वयंपाक, घरचीच भाजी, रासायनिक रंगांशिवाय होळी, सगळं बोलतं काम. १९८५ मध्ये त्यांनीच बरली संस्था उभी केली. झाबुआ भागातल्या आदिवासी मुली तिथे राहून शिवण, अक्षरओळख, आरोग्य शिकून आपापल्या गावी परत गेल्या. तिकडे पाण्यातून होणारा नारू रोग होता तेव्हा पाणी गाळून प्या हे गावोगाव सांगण्यात याच बायका होत्या. आणि आमच्या डॉक्टर भक्ती यादव! बाळंतपणाचे पैसे घेत नसत. त्यांना फॉलो करा.

कोथरूडकर
भक्ती यादव २०१७ ला गेल्या.

सराफा_रात्री_बारा
माहीत आहे. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. मनातून फॉलो करा म्हणतोय.

शेव_जास्त
इंदूरला स्वच्छतेचा पहिला नंबर वर्षानुवर्षं मिळतोय ते कोणाच्या जिवावर? पहाटे रस्ता झाडणाऱ्यांच्या. त्यांचं कोणी पेज काढलंय का?

सराफा_रात्री_बारा
मुद्द्याचं बोललात! बाकी छप्पन दुकानांवर हल्ली पोह्यांत जीरावन मसाला हात आखडून घालतात, त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

डॉ_वैदर्भी
पागनीसपागा, रविवारी काय आहे? आणि "फक्त फॉलो" कोणाला करायचंय, तुम्हाला की दुसऱ्या कोणाला? मराठी-हिंदीच हवं आणि फेसबुकच हवं म्हणताय म्हणून विचारते.

पागनीसपागा
रविवारी रात्री मी बेंगळुरूला परत जातोय. हे आईसाठी आहे. ती सुदामानगरला एकटी असते, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दिवसभर टॅबवर फेसबुक. पासबुक भरून आणलं तर दर दोन-चार दिवसांनी पाचशे, पाचशे, पाचशे. रीलवरचा क्यूआर कोड स्कॅन करून पाठवते. शाळेत शिकवायची, हिशोबाला पक्की, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालेल. मी म्हटलं हे खोटं असतं. तर म्हणाली, "तो मुलगा तुला दिसत नाही का?" यावर काय बोलणार? बंद कर म्हटलं तर करणार नाही. म्हणून म्हटलं, तिच्यासमोर चांगलं काही येत राहिलं तर हे मागे पडेल.

कोथरूडकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! आधी यूपीआय बंद करा.

मीच_ती
का म्हणून? बाईंची पेन्शन आहे. मुलगा बेंगळुरूला बसून आईचं पासबुक तपासतो, हे जास्त खटकलं मला. तुम्ही पिझ्झ्यावर उडवता तेव्हा ती विचारते का?

कोथरूडकर
पिझ्झा घरी येतो तरी.

डॉ_वैदर्भी
भांडण नंतर. टॅब हातात घ्या आणि आईंना शेजारी बसवा. ती रील ज्या पेजची आहे त्यावर जा, माहितीच्या भागात पेज ट्रान्स्परन्सी शोधा. पेज कधी काढलं, पूर्वी नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, बरंच दिसतं. मग क्यूआर स्कॅन करा, पैसे मात्र पाठवू नका, फक्त समोर नाव कोणाचं येतंय ते पाहा. संस्थेचं येतं की कोण्या एका माणसाचं? हे तुम्ही सांगू नका, त्यांना वाचू द्या. शिक्षिका आहेत ना.

आता पेजेस. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमट्यांचा, १९७३ पासूनचा. दवाखाना, शाळा आणि प्राण्यांचं अनाथालय. मराठीत लिहितात, आणि बिबट्या-अस्वलाचे फोटो म्हटल्यावर आई पाहणारच. आनंदवन. गडचिरोलीचं सर्च, डॉ. अभय आणि राणी बंग. गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांना घरच्या घरी जगवता येतं हे त्यांनी दाखवलं. तो अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि आज देशभरातल्या आशाताई बाळाला घरी येऊन तपासतात ते त्याच वाटेवरून. हिंदीत हवं असेल तर गूंज. अंशू गुप्तांना २०१५ चं मॅगसेसे. गाव आपला रस्ता, विहीर, बंधारा स्वतः दुरुस्त करतं आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपडे घेतं. भीक नाही.

माझी एकच कसोटी असते. आजाऱ्याचा चेहरा जवळून, डोळ्यांत पाणी, आणि खाली क्यूआर कोड, असं पेज मी सोडून देते. जिथे विहिरीचं बांधकाम, औषधांचे खोके, शाळेचा वर्ग दिसतो, तिथे थांबते.

रेघोट्या
चेहरा दाखवल्याशिवाय लोक पाहतच नाहीत. एमएसएफसुद्धा दाखवतं.

डॉ_वैदर्भी
दाखवतं, पण त्या माणसाचं म्हणणं काय तेही सोबत असतं. रीलमधल्या म्हाताऱ्याला एक वाक्य तरी बोलू देतात का?

पागनीसपागा
पाहिलं. ते पेज आधी शायरीचं होतं, त्याआधी क्रिकेटचं. क्यूआरवर एका माणसाचं नाव. आईने चष्मा पुसून दोनदा वाचलं. काही बोलली नाही, चहा टाकायला गेली.

कोथरूडकर
१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. व्यवहाराचे क्रमांक जवळ ठेवा. पैसे परत येतील या भरवशावर राहू नका, पण नोंद होऊ द्या. आणि त्या रीलवर रिपोर्ट दाबा.

लेखापाल४४
संस्था खरी आहे का हे नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर पाहता येतं. मात्र तिथे नाव आहे म्हणजे काम चांगलं, असा अर्थ नाही. आणि ८०जी चं मी म्हटलं होतं, आता उपयोगी पडेल.

मीच_ती
तिला देण्याची हौस आहे ती मारू नका एवढंच. गूंजला जुन्या सुती साड्या आणि चादरी द्यायला सांगा. सुती कापडाचे ते पाळीसाठीचे पॅड करतात. धुऊन, घडी घालून द्यायच्या, फाटकं-मळकं नाही. कपाट आवरायला लागेल, महिनाभर पुरेल इतकं काम.

पागनीसपागा
कपाटाचं सांगितलं, लगेच उठली. डॉक्टर, तुमची चार पेजेस फॉलो करून फेव्हरिट्समध्ये टाकली, म्हणजे ती वर येत राहतील. हेमलकशाचं पेज तिने आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकूनही झालं. आता नवीन प्रश्न : तिथे जाता येतं का, विचारतेय. मंडळातल्या सहा-सात जणी तयार आहेत म्हणे. कोणी इंदूरहून गेलंय?

डॉ_वैदर्भी
नागपूरपर्यंत वंदे भारत आहे. पुढे चंद्रपूर, आलापल्ली आणि तिथून भामरागडचा रस्ता, जंगलातला. मोठा प्रवास आहे, मध्ये मुक्काम करा. पावसाळ्यात नाल्यांवरून पाणी गेलं की रस्ता बंद पडतो, म्हणून दिवाळीनंतर जा. निघण्याआधी प्रकल्पाला फोन करून विचारा, एकदम सात जणी दारात उभ्या राहू नका.

सराफा_रात्री_बारा
आठवी जागा असेल तर आमच्या मम्मीला पण विचारा भिया.