घोडी घ्यायची आहे, फेसबुकवरच्या जाहिरातींवर किती भरवसा ठेवू? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरचा बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून काटोल रोडकडच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकते. आता स्वतःची घोडी हवी म्हणते आणि मलाही ते पटलं आहे. हिंगण्याच्या पुढे मामेभावाचं शेत आहे, तिथे जागा, पाणी आणि सांभाळायला माणूस आहे. दोन लाखांपर्यंत तयारी आहे. पण आमच्या घरात आजोबांच्या टांग्यानंतर घोडा पाहिलेला कोणी नाही.

महिनाभर फेसबुक आणि इन्स्टावर शोधून तीन जाहिराती बाजूला काढल्या.

पहिली. काठियावाडी घोडी, वय ६, फक्त ६५ हजार. मालक फौजी, कामठीहून बदली झाली म्हणून तातडीने विक्री. माणूस फोनवर फार अदबीने बोलला, स्वतःचं ओळखपत्रही पाठवलं. घोडी लष्कराच्या गाडीतून घरपोच देतो, आधी ५,००० टोकन टाका, म्हणाला.

दुसरी उमरेड रोडची. मारवाडी, पंचकल्याणी, उंची ६२ इंच, वय ७, 'एकदम शांत, लहान लेकरंही बसतात', १ लाख ८० हजार. व्हिडिओत दहा-अकरा वर्षांचा मुलगा तिला शेतात फिरवतो आहे. मला हीच आवडली.

तिसरी म्हणजे एक रील. १८ महिन्यांचा नुकरा म्हणजे पांढरा घोडा, ढोलावर नाचतो, वर माणूस बसलेला. मुलीला हा हवा आहे.

यातलं खरं किती? आणि घोडा तपासून घ्यायचा म्हणजे नेमकं काय तपासायचं?

सदर_७७

पहिल्या जाहिरातीला आजच ब्लॉक करा. बदली झालेला फौजी, ओळखपत्र, लष्कराची गाडी, आधी टोकन, ही गोष्ट आमच्या घरात जशीच्या तशी घडली. तेव्हा वस्तू स्कूटर होती. माझ्या दिरांचे ३१ हजार गेले. टोकन दिलं की वाहतूक विमा निघतो, मग 'परत मिळणारं डिपॉझिट', मग गाडी चेकनाक्यावर अडकते. शेवटी पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवतात. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

त्या घोडीचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. आणि पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा, उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकते.

आणखी एक. फेसबुकच्या मार्केटप्लेसवर प्राणी विकायला कंपनीच्याच नियमांनुसार परवानगी नाही. म्हणून लोक 'किंमत इनबॉक्समध्ये' असं लिहितात. उद्या ती पोस्ट उडाली की तुमच्या हातात काहीच उरत नाही. जे काही बोलणं होईल त्याचे स्क्रीनशॉट काढत चला.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

ताई, फोटो टाकून पाहिला. हीच घोडी पंजाबमधल्या एका पोस्टमध्ये आहे, तीन वर्षांपूर्वीची. बरं झालं विचारलं. टोकन संध्याकाळीच टाकणार होतो.

घोड्याचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. दुसऱ्या जाहिरातीबद्दल लिहितो, कारण फसवणुकीपेक्षा अर्धवट खऱ्या जाहिरातींमुळे जास्त लोक अडचणीत आलेले मी पाहिले आहेत.

व्हिडिओ पुन्हा बघा, या वेळी त्यात काय नाही ते शोधा. घोडी कडक जमिनीवर दुडक्या चालीने समोरून येताना आणि पाठमोरी जाताना दिसते का? मऊ शेतात हलकं लंगडणं लपतं, डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर लपत नाही. दोन्ही बाजूंना गोल फिरवलेली दिसते का? खूर जवळून दाखवलेत का? सगळीकडे संगीत घातलं असेल तर टापांचा आवाज ऐकू येत नाही, आणि चारही टापा सारख्या वाजतात का हे कानाला डोळ्यांआधी कळतं.

वय सांगीवर घेऊ नका, तोंड उघडून बघायचं. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडून पक्के येतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढे झिजेवरून अंदाज बांधतात. वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी अगदी कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपासून एक तपकिरी खाच दिसू लागते. पंधराच्या आसपास ती अर्ध्या दातापर्यंत येते, विसाच्या सुमारास पूर्ण उतरते. एखाद-दोन वर्षांचा फरक पडतो, पण ७ आणि १५ यांत गोंधळ होत नाही.

'एकदम शांत' या शब्दांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. गुंगीचं औषध टोचलं की तापट घोडीही तासाभरासाठी गाय होते. मान खाली, पापण्या जड, ओठ लोंबलेला, पाय टाकताना अडखळणं, असं दिसलं तर निघून या. वेदनाशामक दिलं तर लंगडणं काही दिवस झाकलं जातं. म्हणून शक्य असेल तर दोनदा जा, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. अशी औषधं तपासायला विकत घेण्याआधी रक्त काढून ठेवता येतं. विकणाऱ्याला आधीच सांगा की रक्त घेणार आहोत, पुष्कळदा तिथेच निकाल लागतो.

ग्लँडर्सची चाचणी मात्र सोडूच नका. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, लस नाही, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला दयामरण द्यावं लागतं. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात तपासला जातो. अहवाल यायला लागतात तेवढे दिवस थांबा. घरात १४ वर्षांची मुलगी आहे, ती रोज त्या घोडीच्या नाकाला नाक लावणार.

वरातवाला

भाऊ, मी तीस वर्सापासून वरातीचे घोडे सांभाळून राहिलो. डॉक्टर साहेब बोलले ते बराबर. मी एकच सांगतो. घोडी थंडी पाहा.

म्हंजे कसं, तुमी याच्या आंधी कोनी तिच्यावर बसला नाही पाहिजे. घोडी ठानावर पाहिजे, पाठ कोरडी पाहिजे. तुमच्यासमोर तिले पकडाले जा, तुमच्यासमोर खरारा करा, खोगीर चढवा, लगाम द्या. चावते का, लाथ मारते का, पोट फुगवते का, पेटी कसताना कान मागं टाकते का, ते सारं त्या दहा मिंटात दिसते. आंधीच दोन तास पयवून थकवलेली घोडी कोनाच्याही पोराले बसू देते. मंग घरी आनली, चार दिवस आराम केला का तिचा खरा सभाव बाहेर येते.

मालकाले फोनवर सांगून ठेवजा, मी येईन तवा घोडी थंडी पाहिजे. आन सकाळीच जा. व्हिडिओ कधीचा हाय थेबी इचारा.

सारंगखेडा_दरवर्षी

कान टोकाला टोक भिडले म्हणजे मारवाडी, असं जाहिरातवाले सांगतात. काठियावाडीचेही कान तसेच वळतात. नोंदणीची मारवाडी असेल तर कागद असतो, तो मागा. कागद नसेल तर देशी घोडी म्हणूनच भाव करा. देशी घोडीत काही वाईट नाही, आपल्या दख्खनची भीमथडी तट्टं याच मातीत मोहिमा करून आली. मुलीला शिकायला जात कशाला लागते? पण मारवाडीचे पैसे देऊन देशी घेऊ नका.

पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. शुभ मानतात, म्हणून भाव वाढतो. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचंही तसंच, एका भोवऱ्यापायी चांगलं जनावर बाजारात पडून राहिलेलं मी पाहिलं आहे. ज्याची त्याची श्रद्धा, पण आधी पाय बघा.

घाई नसेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला या, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी. नाहीतर नांदेडकडे लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. तिथेही खोटं बोलणारे भेटतात, पण एका दिवसात शेकडो घोडे डोळ्यांखालून जातात आणि नजर तयार होते. पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नका, नुसते फिरा.

तबेल्यातली ताई

मी त्या रीलबद्दल लिहिते, कारण त्यावर कोणीच बोललं नाही आणि मुलीचं मन तिथे आहे.

१८ महिन्यांचं म्हणजे ते शिंगरूच आहे. घोड्याच्या पायांची हाडं आधी भरतात आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. त्याच्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस बसवून ढोलावर उड्या मारायला लावलं आहे. लाखो लोकांनी त्याला हार्ट दिलंय. ते शिंगरू नाचत नाही हो, तोंडातल्या दुखण्यापासून पळतंय. रील थांबवून तोंड बघा. तोंड उघडं, जीभ बाजूला, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, शेपूट सारखी फटकारतंय. लगामाला काटे असतील तर ते बेकायदेशीर आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे.

बाबा, मुलीला ओरडू नका. तिच्याशेजारी बसा आणि आवाज बंद करून ते रील दोघं मिळून बघा. तिला दोन वर्षांचा अनुभव आहे, ती स्वतःच ओळखेल.

शिवाय शिकणाऱ्या मुलीला न शिकलेलं शिंगरू कधीच देऊ नये, दोघंही एकमेकांना घाबरतात. तिला बारा-चौदा वर्षांची, जग पाहिलेली, निरोगी घोडी द्या. जाहिरातीत वय कमी करून सांगतात कारण आपल्याला तरणीच घोडी हवी असते.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

रील आवाज बंद करून पाहिलं. अर्ध्यातच तिने फोन उलटा ठेवला. जेवली नाही नीट. तिसरी जाहिरात गेली. शनिवारी उमरेड रोडला जातोय, घोड्याच्या डॉक्टरांनी सोबत यायचं कबूल केलं आहे. मालकाला दोनदा सांगितलं की घोडी थंडी हवी.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल.

सकाळी साडेसहाला पोचलो. घोडी ठाणावर होती, पण पाठीवर खोगिराच्या आकाराचा ओला डाग. मालक म्हणाला, आताच धुतली. डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही, आम्ही थांबतो. दोन तास चिंचेखाली बसून राहिलो, चहाही झाला. मग सिमेंटच्या खळ्यावर चालवली. मला काही कळलं नाही, मुलगी मात्र लगेच म्हणाली, बाबा, ती डोकं वर टाकतेय. पुढचा डावा पाय टेकला की डोकं वर. डॉक्टरांनी मान हलवली.

तोंड उघडलं. ती खाच अर्ध्या दाताच्या खाली उतरलेली. सोळा तरी असेल, म्हणाले.

तेवढ्यात मोटारसायकलवर एक तरुण आला, मिसरूड फुटलेली. मालकाचा मुलगा. वरातवाले दादा, व्हिडिओ कधीचा ते विचारायची गरजच पडली नाही. व्हिडिओतलं ते दहा-अकरा वर्षांचं पोरगं हेच होतं.

मी चिडलो होतो, बोललोही. मालक खाली बघून म्हणाला, साहेब, मलाही ७ चीच म्हणून दिली होती, व्हिडिओ दाखवून. सहा वर्षं झाली. तेव्हा मी जे वय ऐकलं तेच लिहिलं. खरं सांगतो, राग तिथेच अर्धा उतरला, पण अर्धा अजूनही आहे. सहा वर्षं सांभाळलेल्या घोडीचं वय सहा वर्षांनी वाढतं हे त्याला कळत होतं. मुलाच्या त्या जुन्या व्हिडिओवर तो माझ्या मुलीला तिच्यावर बसवणार होता.

डॉक्टरांनी खूर साफ करून पाहिला. नाल महिनोन्‌महिने बदलली नव्हती, खूर पुढे वाढून गेला होता. नालबंद कोण चांगला ते त्यांनी मालकाला लिहून दिलं, पैसे घेतले नाहीत. मुलगी घोडीच्या मानेला धरून उभी होती. गाडीत म्हणाली, बाबा, बसायचं नाही तिच्यावर, नुसती सांभाळू. मी नाही म्हणालो. एकच घोडी सांभाळण्याइतकी आपली ताकद आहे, म्हणालो. बरोबर केलं का ते मला अजून ठरवता येत नाही.

घोड्याचा डॉक्टर

बरोबर केलंत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा उमरेड रोडला जाणार आहे, खूर बघून येईन आणि इथे लिहीन. आणि मुलीच्या नजरेचं कौतुक करा. डोकं वर टाकणं ओळखायला आमच्या विद्यार्थ्यांना वेळ लागतो.

शेतावर शेड बांधताना दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या बंद खोलीत घोडं टिकत नाही.

वरातवाला

माळेगावले जाचं असन तर सांगजा, माह्यासंगं चाला. पोरीलेबी आना.

तबेल्यातली ताई

तोवर एक सुचवू का? आमच्या तबेल्यात १३ वर्षांची देशी घोडी आहे, तिचा मालक पुण्याला गेला आहे. अर्धा खर्च तुम्ही उचला, आठवड्यातून चार दिवस ती तुमच्या मुलीची. चारा, नाल, डॉक्टर, सगळं वर्षभर जवळून कळेल. दात तपासायला तुमचे डॉक्टर घेऊन या आणि घोडी थंडीच बघा.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

रविवारी सकाळी सहाला येतो. मुलगी विचारते आहे, गाजर आणलं तर चालेल का?

तबेल्यातली ताई

चालेल. उभं, लांब कापून आणायला सांगा. गोल चकत्या घशात अडकतात.