विमान उतरता उतरता परत वर गेलं, म्हणजे पायलट चुकला का? (आणि मुलाच्या ट्रेनिंगबद्दल थोडं विचारायचंय)

पर्वरीची_आई
नमस्कार. मागच्या पावसाळ्यात मुंबईहून गोव्याला, मोपा विमानतळावर येत होतो, चाकं बाहेर आली, खाली हिरवा सडा दिसायला लागला आणि एकदम इंजिनचा आवाज वाढला नि विमान परत वर. लोक देवाचं नाव घ्यायला लागले, बाजूचे गृहस्थ म्हणाले पायलट नवीन असणार, अंदाज चुकला त्याचा. दुसऱ्या वेळी नीट उतरलो. पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे कारण माझ्या मुलाला पायलट ट्रेनिंगला जायचंय, फॉर्म भरून झाला. अपघात झाला की पेपरात शेवटी "मानवी चूक" एवढंच येतं. मग ट्रेनिंगमध्ये चुका न करायला शिकवतात का? आणि खरी काळजी वेगळीच आहे. मुलगा हुशार आहे पण फार शांत, मोठ्या माणसांसमोर तोंड उघडत नाही, सरांचं चुकलं तरी गप्प बसतो. अशा मुलाने या लाइनला जावं का? जाणकारांनी खरं काय ते सांगा, उगाच धीर देऊ नका.

वास्कोचा_इंजिनियर
ताई, आधी ते मोपाचं. त्याला गो-अराउंड म्हणतात आणि ती चूक नाही. उतरताना ढगात असाल तर १००० फुटांपर्यंत आणि बाहेर स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांपर्यंत स्पीड, उंची, दिशा सगळं जाग्यावर बसलेलं पाहिजे असा बहुतेक सगळीकडे नियम असतो, नसेल बसलं तर वर जायचं. मी आयुष्यभर विमानांच्या मेंटेनन्समध्ये काम केलंय, जो पायलट वेळेवर वर जातो त्याच्या विमानात माझ्या घरच्यांना मी निर्धास्त बसवीन.

आता "मानवी चूक". लोकांना वाटतं माणूस म्हणजे पायलट. आम्ही हँगरवाले पण माणसंच. १९९० च्या जूनमधली ब्रिटिश एअरवेजची ५३९० फ्लाइट, बर्मिंगहॅमहून मालागाला चाललेली, १७ हजार फुटांवर कॅप्टनसमोरची काचच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने पाय धरून ठेवले, को-पायलटने साउथॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. कारण काय, तर आदल्या दिवशी पहाटे काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक बसवलेले. किती बारीक? मिलिमीटरच्याही आत. ज्याने बसवले तो शिफ्ट मॅनेजर होता, अनुभवी माणूस, पहाटेची वेळ, माणसं कमी म्हणून स्वतःच कामाला लागला, जुना बोल्ट समोर धरून नजरेने जुळवला. आणि त्या कामावर दुसऱ्या कुणी नजर टाकायची पद्धतच नव्हती. मग चूक एकट्याची म्हणायची का? त्याला काढून टाकलं असतं तरी तीच रात्र, तेच स्टोअर, तीच कमी माणसं दुसऱ्याच्या वाट्याला आली असती. "मानवी चूक" लिहून फाइल बंद केली तर काहीच हाताला लागत नाही, तिथून पुढे का, का, का विचारायचं असतं.

फोंडा_एक्सप्रेस
एवढ्या चुका होतात तर माणूस काढूनच टाका ना, सगळं कॉम्प्युटरला द्या. अहमदाबादला पण पायलटनेच स्विच बंद केले म्हणतात.

वास्कोचा_इंजिनियर
अहमदाबादबद्दल असं लिहू नका हो, २६० माणसं गेलीत त्यात. प्राथमिक रिपोर्टमध्ये फ्युएलचे दोन्ही स्विच रन (चालू) वरून कटऑफला (बंद) गेले एवढंच आहे, कुणी केले नि का ते त्यात लिहिलेलं नाही. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, त्याचे घरचे हे सगळं वाचत असतात.
कॉम्प्युटरचं म्हणाल तर २००९ ची एअर फ्रान्स ४४७ बघा. स्पीड मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या, ऑटोपायलट आपोआप सुटला आणि मध्यरात्री समुद्रावर सगळं पायलटांच्या हातात आलं. त्यांना विमान स्टॉल झालंय, म्हणजे पंखांना हवेचा आधार राहिला नाही, हेच कळलं नाही. २२८ लोक गेले. मशीन जितकं जास्त करतं तितका माणसाचा हात सुटतो, आणि मशीन सोडतं ते नेमकं अवघड वेळेला.

म्हापसा_एफओ
मी को-पायलट आहे, कंपनी नाही सांगत. ताई तुमचा मुलाबद्दलचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून सवडीने लिहितोय.

मंगळूर, २२ मे २०१०. दुबईहून आलेलं विमान, सकाळची वेळ. व्हॉइस रेकॉर्डरवर साधारण दोन तासांचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यातला दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टन झोपलेले. तिथलं रडार दोन दिवसांपासून बंद म्हणून विमानाला उशिरापर्यंत उंचावर ठेवलं, मग खाली येताना ते फार वर आणि फार वेगात. गाढ झोपेतून उठलेला माणूस काही वेळ जागा दिसतो पण त्याचं डोकं जागं नसतं, हे आता शास्त्राने सिद्ध झालंय. को-पायलट गो-अराउंड म्हणाला, एकदा नाही, परत परत म्हणाला. कॅप्टनने विमान उतरवलंच, अर्ध्याहून जास्त रनवे मागे टाकून. टेबलटॉप रनवे, पुढे दरी. १६६ पैकी ८ वाचले.
तो रिपोर्ट मी ट्रेनिंगमध्ये वाचला आणि त्या रात्री झोप नाही लागली, कारण त्या को-पायलटला सगळं कळत होतं. त्याने सांगितलं पण. फक्त कंट्रोल हातात घेतला नाही. आपल्याकडे सीनियरचा शब्द मोडायचा नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं, घरी पण, शाळेत पण, मग मोठेपणी एकदम कॅप्टनच्या हातातलं विमान कसं घेणार?

आणि हे फक्त आपलंच नाही. १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो एकमेकांवर आदळले, ५८३ मेले, आजपर्यंतचा सगळ्यात मोठा अपघात. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीचा नावाजलेला ट्रेनर. टेकऑफ सुरू झाल्यावर फ्लाइट इंजिनियरने शंका काढली की ते दुसरं विमान अजून रनवेवर तर नाही ना, कॅप्टनने ठासून सांगितलं की गेलंय, आणि इंजिनियर गप्प झाला. त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं विमान चाकांचा बिघाड शोधत हवेत घिरट्या घालत राहिलं नि इंधन संपून पडलं, तिथे पण बाकीच्यांनी इंधनाचं सांगितलेलं पण जोर लावून नाही. या सगळ्यानंतर १९७९ मध्ये नासाने वर्कशॉप घेतलं आणि तिथून सीआरएम सुरू झालं. म्हणजे कॉकपिटमध्ये बोलायचं कसं, ऐकायचं कसं याचं रीतसर ट्रेनिंग.

म्हणून ताई, बोलायला शिकवतात हो, खरंच शिकवतात. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, समोरचा इन्स्ट्रक्टर मुद्दाम चूक करतो आणि तुम्ही गप्प बसलात तर नापास. शब्द पण ठरलेले असतात, आधी "स्पीड" म्हणायचं, दुरुस्त नाही केलं तर "अनस्टेबल, गो-अराउंड", तरी उत्तर नाही आलं तर "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान हातात घ्यायचं. ठरलेला शब्द असला की उद्धटपणा वाटत नाही, ती ड्युटी होते. मी स्वतः अबोल आहे, पहिल्या सिम्युलेटरला आवाज फुटत नव्हता, पण जमलं. उलट शांत पोरं बघतात जास्त, मला तरी तसं दिसलंय. फक्त घरी त्याला थोडं बोलू द्या, तुमचं चुकलं असं म्हणाला तर ऐकून घ्या.

काणकोण_सिस्टर
मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. आमच्याकडे पण आता सर्जरीच्या आधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, कुठली बाजू, काय ऑपरेशन हे मोठ्याने म्हणायचं असतं, डब्ल्यूएचओची चेकलिस्ट. ती पद्धत विमानवाल्यांकडूनच आलीय. मोठे सर्जन असले तरी नर्स थांबा म्हणू शकते. पहिल्यांदा म्हणताना पाय लटपटतात हे मात्र खरं.

पर्वरीची_आई
सगळ्यांचे खूप आभार, लेकाला वाचून दाखवलं, मंगळूरचं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मी म्हटलं असतं. बघू. पण झोपेचं वाचून धडधडलं. त्यावर काही नियम नाहीत का? आणि घरून आम्ही काय करायचं?

म्हापसा_एफओ
आहेत. आता आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ झालीय, रात्रीच्या लँडिंग ६ वरून २ वर आणल्या. २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झालं, डिसेंबरमध्ये फ्लाइट धडाधड रद्द झाल्या ते त्याच्याशी निगडित, मग काही सूट पण द्यावी लागली. माझ्या मते नियम बरोबर आहे, माणसं पुरेशी घ्यायला हवी होती. दमलेला पायलट मी आज फिट नाही असं सांगू शकतो, पण ते सांगायला पण तीच हिंमत लागते.
आणि घरून म्हणाल तर एक आहे. रात्रीची ड्युटी असेल तेव्हा तो दुपारी झोपलेला असेल, तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) असो, पाहुणे येवोत, आरती सुरू होवो, त्याला उठवू नका. आमच्या घरी हे सगळ्यांना पटायला दोन वर्षं लागली, आजीला तर अजून नाही पटलेलं.